तोराजाला जाऊन आले: रांबू सोलोचे चार दिवस

७ ऑगस्ट २०१९ च्या पहाटे कोल्हापुरात माझी आई गेली आणि मी पुण्यात होते. महापुराचे दिवस. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, गाड्या बंद, पंचगंगेकाठचं स्मशान पाण्याखाली. भावाने व्हिडिओ कॉल लावला, पण तिकडे दोन दिवस लाईट नव्हती आणि त्याचा फोन मध्येच बंद पडला. "मयत फार वेळ ठेवता येत नाही गं ताई," एवढं त्याचं वाक्य ऐकू आलं. रस्ता सुरू झाल्यावर मी पोचले, तोवर रक्षाविसर्जनही उरकलं होतं. चूक कुणाचीच नव्हती. पण शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही ही गोष्ट आत राहून गेली.

पुढे वाचताना कधीतरी कळलं, की इंडोनेशियात सुलावेसी बेटाच्या डोंगरात तोराजा नावाचे लोक आहेत आणि ते थांबतात. सगळी मुलं घरी येईपर्यंत, पैसे जमेपर्यंत, महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं. तोवर गेलेलं माणूस घरातच असतं आणि त्याला 'तो माकुला', म्हणजे आजारी माणूस, म्हणतात. हे मला बघायचं होतं. जुलै २०२४ मध्ये जाऊन आले. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण तारखा, खर्च आणि "तुला बघवलं का" हे विचारतायत, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

आधी एक गोंधळ दूर करते. मृतदेहांना नवे कपडे घालून उभं केलेले फोटो सगळीकडे फिरतात, ते 'मानेने' या वेगळ्या विधीचे. तो बहुधा ऑगस्टच्या सुमाराला, बारुप्पूसारख्या ठरावीक भागांत होतो. त्यात जुन्या कबरी उघडून पूर्वजांना स्वच्छ करतात. मी गेले ते 'रांबू सोलो'ला, म्हणजे प्रत्यक्ष अंत्यविधीला. रांबू म्हणजे धूर, आणि रांबू सोलो म्हणजे खाली उतरणारा धूर. घर बांधलं, पीक आलं की आनंदाचे विधी होतात, ते रांबू तुका, वर चढणाऱ्या धुराचे.

रांबू सोलोच्या तारखा कुठे छापून येत नाहीत. घरची मंडळी बसून ठरवतात आणि बदलतातही. तोराजाची पुष्कळ माणसं कामासाठी कालिमांतान, पापुआ, मलेशियात असतात. ती रजेवर घरी येतात तेव्हा, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये आणि पुन्हा डिसेंबरात, सर्वांत जास्त विधी होतात. मला हे उशिरा समजलं. आधी एका एजंटाकडे 'ठरलेल्या तारखेचा' अंत्यविधी दाखवण्याच्या सहलीसाठी ८,००० रुपये आगाऊ भरले होते. तारीख पुढे गेली, पैसे परत आले नाहीत. मग रांतेपाओतल्या, म्हणजे तोराजाच्या मुख्य गावातल्या, एका विस्माला, म्हणजे घरगुती लॉजला, सरळ व्हॉट्सअ‍ॅप केलं. मालकीणबाईंनी एका स्थानिक गाइडचा नंबर दिला. गाइडचं उत्तर आलं: "इबू, तिकीट जुलैच्या मध्याचं काढा. कुणाच्या घरी जायचं ते तुम्ही इथे पोचल्यावर बघू. त्या आठवड्यात पाच-सहा घरी तरी कार्य असेल." इबू म्हणजे आई किंवा बाई, आपल्या 'ताई-बाई'सारखं. पुरुषांना पाक. मी या गाइडना शेवटपर्यंत पाकच म्हणत होते. त्यांचा दर दिवसाला ६,००,००० रुपिया. घाबरू नका, तेव्हा १०,००० रुपियांचे साधारण ५२ रुपये होत होते. म्हणजे रोजचे ३,१००.

व्हिसा सोपा आहे. भारतीय पासपोर्टला इंडोनेशियात उतरल्यावर व्हिसा मिळतो, ३० दिवसांचा, फी ५,००,००० रुपिया. मी तोच घरून ऑनलाइन काढला, म्हणजे तिथे रांगेत पैसे भरायला नकोत. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा आणि परतीचं तिकीट हवं. माझा अर्ज पहिल्यांदा अडकला तो पासपोर्टच्या पानाचा फोटो कडेला कापला गेला म्हणून. खालच्या दोन ओळी, त्या '<<<<' खुणांच्या, पूर्ण दिसल्या पाहिजेत. दुसऱ्यांदा नीट सपाट ठेवून काढला आणि काही तासांत व्हिसा ईमेलवर आला. कार्डाचं शुल्क धरून सुमारे २,७०० रुपये गेले. तेव्हा उतरण्याआधी सीमाशुल्काचा फॉर्मही ऑनलाइन भरावा लागत होता. असल्या फॉर्मचा क्यूआर कोड फोनमध्ये जतन करून ठेवा, विमानतळावरच्या वायफायच्या भरवशावर राहू नका.

१० जुलैच्या रात्री मुंबईहून निघाले. ११ ला जकार्ता, तिथून संध्याकाळच्या विमानाने मकासार. हे दक्षिण सुलावेसीचं मोठं शहर, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. एक रात्र तिथे झोप काढली. १२ ला रात्री नऊ वाजता दाया टर्मिनलवरून रांतेपाओची बस. तोराजाला आता मकाले गावाजवळ छोटा विमानतळ झालाय, पण विमानं थोडी आणि बेभरवशाची, आणि बस खरोखर चांगली होती. खुर्ची जवळजवळ पलंगासारखी मागे जाते, पांघरूण देतात. तिकीट अडीच लाख रुपिया. एसी इतका गार असतो की स्वेटर पिशवीत वर ठेवा. तीनशेहून जास्त किलोमीटर, नऊ तास, आणि शेवटचे काही तास वळणच वळण. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी.

सकाळी डोळे उघडले तर भातखाचरं, धुकं आणि त्यातून वर आलेली छपरं. तोंगकोनान ती हीच. दोन्ही टोकांना उंचावत गेलेलं, होडीसारखं छप्पर, लाल-काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या नक्षीच्या भिंती, समोर तशाच आकाराची छोटी धान्याची कोठारं, त्यांना आलांग म्हणतात. तोंगकोन म्हणजे बसणं. कुळातल्या माणसांनी एकत्र बसायचं ते घर. दर्शनी खांबावर रेड्यांची शिंगं एकावर एक बांधलेली असतात. त्या घराने आजवर केलेल्या कार्यांचा तो हिशेब.

१३ जुलै शनिवार होता आणि पाक मला थेट बोलूच्या बाजारात घेऊन गेले. रांतेपाओला लागूनच हा जनावरांचा बाजार भरतो. मी कोल्हापूरची. गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन मोठी झाले, पाडव्याला शिंगं रंगवलेल्या म्हशी पळताना बघितल्या, म्हणून वाटलं होतं, म्हशी काय नव्या आहेत मला. पण इथले रेडे शेतात राबत नाहीत, दूध तर प्रश्नच नाही. त्यांना अंघोळ घालायला, कोवळं गवत कापून आणायला मुलगे ठेवलेले असतात. साध्या काळ्या रेड्याची किंमत दीड-दोन लाख रुपयांपासून पुढे. काळा-पांढरा ठिपक्यांचा तो तेदोंग बोंगा, तो कितीतरी महाग. त्यातही सालेको नावाचा जो प्रकार, पांढऱ्या अंगावर काळे डाग आणि फिकट डोळे, त्याला आपल्या पंचवीस-तीस लाखांपर्यंत मोजणारे लोक आहेत. कारण हा रेडा गेलेल्या माणसाच्या जिवाला पुयाला, म्हणजे पितरांच्या देशात, घेऊन जातो अशी श्रद्धा. मी पाकना सांगितलं, आमच्याकडे यमाचं वाहन रेडा. ते थबकले. "म्हणजे तुमच्याकडेही तोच नेतो?" मी म्हटलं, तो न्यायला येतो, तुमच्याकडे तुम्ही पाठवता.

त्याच बाजारात भेटवस्तू घेतली. रिकाम्या हाताने जायचं नाही. परदेशी पाहुणे बहुतेक सिगारेटचं खोकं नेतात, कारण पाहुण्यांच्या मांडवात ती लागतातच. मला ते नको होतं. पाक म्हणाले, साखर चालते, कॉफी चालते. दहा किलो साखर आणि दोन किलो तोराजाचीच कॉफी घेतली, अडीच-तीन हजार रुपये झाले. काळे कपडे मी घरून नेले होते. काळा किंवा गडद रंगाचा पूर्ण अंगभर पोशाख हवा. लाल-पिवळं काही नको.

रविवारी कार्य नसतं, कारण आज बहुसंख्य तोराजा ख्रिस्ती आहेत. डच सत्ता इथे १९०६ मध्ये पोचली, मिशनरी १९१३ पासून. त्याआधीचा धर्म 'आलुक तो दोलो', पूर्वजांचा मार्ग. तो पाळणारे आता थोडे उरलेत. ऐकून आश्चर्य वाटलं, की १९६९ मध्ये इंडोनेशिया सरकारने त्याला हिंदू धर्माच्या सदरात मान्यता दिली, कारण तिथे ठरावीक धर्मांनाच अधिकृत स्थान आहे. म्हणजे कागदोपत्री आम्ही एका सदरातले, आणि विधीत काडीचं साम्य नाही. कार्यांत मात्र चर्चची प्रार्थना आणि जुना विधी शेजारी शेजारी चालतात आणि कुणाला खटकत नाही.

त्या दिवशी लोंदाच्या गुहा आणि लेमोचा कडा पाहिला. कड्यात कोरलेल्या कबरी आणि सज्जात उभे ताऊ-ताऊ, म्हणजे मृतांचे लाकडी पुतळे. ते मानाच्या कुळांचेच असतात. ऐंशीच्या दशकात पुष्कळ पुतळे चोरीला गेले, म्हणून आता बरेच नवे आहेत. यांच्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी थांबत नाही. कांबिराला मात्र थांबले. तिथे एका जुन्या झाडाच्या बुंध्यात चौकोनी झाकणं आहेत, ताडाच्या काळ्या तंतूंची. दात येण्याआधी गेलेली बाळं त्यात ठेवत. झाडाला दुधासारखा चीक असतो, बाळाला तो मिळेल म्हणून. ही प्रथा बंद होऊन बराच काळ झाला. आपल्याकडेही दात न आलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. माझ्या आजीचं एक मूल तसं परसात आहे, हे तिने एकदाच सांगितलं होतं. त्या झाडापाशी ते आठवलं.

ज्यांच्याकडे कार्याला जायचं होतं, त्या घरी संध्याकाळी पाकनी मला नेलं. एका निवृत्त शिक्षिकेचं कार्य होतं. त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये गेल्या होत्या, म्हणजे वीस महिने झाले होते. अंगणात बांबूचे मांडव उभे राहत होते, कुणी लाल कापड ठोकत होतं, कुणी पाट्यांवर नंबर रंगवत होतं. पाकनी थोरल्या मुलाची परवानगी मागितली: मी कोण, कुठली, का आले, फोटो काढले तर चालतील का. मला वाटतं हा टप्पा कुणीही गाळू नये. गाइड असला तरी आपण स्वतः यजमानांपुढे बसून विचारावं. मुलगा कालिमांतानला खाणीत कामाला, दहा दिवसांपूर्वी आलेला. त्याने विचारलं, "आईला भेटणार?"

मी हो म्हटलं आणि पाय जड झाले. तोंगकोनानच्या दक्षिणेकडच्या खोलीत ती पेटी होती. पूर्वी पाल्यांच्या रसाने देह राखत, आता फॉर्मालिन टोचतात. वास नव्हता, भीती वाटावी असं काहीच नव्हतं. भिंतीला कॅलेंडर, कोपऱ्यात चष्मा, पेटीशेजारी झाकलेला कॉफीचा कप. सून रोज सकाळी ठेवते, जेवणही ठेवते. मुलगा पेटीजवळ बसला आणि आपण आतल्या खोलीत डोकावून सांगतो तितक्या सहज म्हणाला, "इंदो, भारतातून पाहुण्या आल्यात." इंदो म्हणजे आई. मला काय बोलावं कळेना. नमस्कार केला. निघताना तोंडातून आपोआप "येते हं" गेलं. आमच्या घरी 'जाते' म्हणायचं नाही, आईची शिस्त. पाकनी अर्थ विचारला, मी सांगितला, त्यांनी मुलाला सांगितला. तो म्हणाला, बरोबर आहे, असंच म्हणतात.

रात्री विस्मावर झोप लागली नाही. वीस महिने. आमच्याकडे त्या पहाटे चार तास मिळाले असते तरी मी कोल्हापूर गाठलं नसतं, पाणीच तसं होतं. तरी ती पेटी आणि तो कप डोळ्यांपुढून हलेना.

सोमवार, १५ जुलै. सकाळी प्रार्थना, मग पेटी घरातून बाहेर आली. तोंगकोनानच्याच आकाराचं छप्पर असलेल्या पालखीत ती ठेवली, पुढे लांबच लांब लाल कापड, ते डोक्यावर धरून बायका चालल्या, मागे पन्नासेक पुरुषांच्या खांद्यावर पालखी. मला शांत मिरवणूक अपेक्षित होती. हे लोक आरोळ्या देत होते, पालखी मागे-पुढे हिंदकळवत होते, एकमेकांवर पाणी उडवत होते, हसत होते. वीस महिने जे रडायचं ते रडून झालंय, पाक म्हणाले, आज तिला वाजतगाजत काढायचं. मांडवांच्या मधोमध उंच मचाण असतं, लाक्किआन. पेटी तिथे चढवली. चार दिवस ती वरून सगळं बघते अशी भावना.

मंगळवार पाहुण्यांचा. प्रत्येक कुळ रांगेने येतं, पुढे त्यांनी आणलेला रेडा, बांबूला बांधलेली डुकरं, मग काळ्या कपड्यांतली माणसं. माइकवर नाव पुकारलं जातं, मानाच्या मांडवात बसवतात, चहा-कॉफी, गोड पदार्थ, पान. पंधरा-वीस मिनिटांत ते उठून आपल्या नंबरच्या मांडवात जातात आणि पुढचं कुळ येतं. सकाळी नऊ ते संध्याकाळ. मला घरच्यांच्या मांडवात बसवलं. चपला बाहेर काढायच्या, पाय पसरायचे नाहीत, दिलेला कप नाकारायचा नाही. एका कोपऱ्यात दोन तरुण वही घेऊन बसले होते. कुणी काय आणलं, डुक्कर किती मोठं, रेडा कोणत्या रंगाचा, शिंगं किती लांब, सगळं लिहून ठेवतात. हा आहेर आहे आणि परतफेडीचा आहे. आणणाऱ्याच्या घरी कार्य निघेल तेव्हा तोलामोलाचं न्यावं लागतं. आपल्या लग्नातली आहेराची वही डोळ्यांपुढे आणा, फक्त इथे ती पुढच्या पिढीला वारशात मिळते. शेजारी सरकारचा माणूस पावतीपुस्तक घेऊन होता, कापल्या जाणाऱ्या प्रत्येक जनावरामागे कर भरावा लागतो.

पाकशी यावर बरंच बोलणं झालं. त्यांनी स्वतःच्या वडिलांचं कार्य केलं त्याचं देणं अजून चालू आहे. मुलीच्या कॉलेजची फी एक वर्ष थांबली होती. "मग कमी का नाही केलं?" मी विचारलं. "लोकांनी आणलेलं परत कसं पाठवणार? आणि वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी नेलं होतं, ते तर परत येणारच." ते तक्रार करत नव्हते आणि गौरवही करत नव्हते. मला मात्र हे जड वाटलं आणि ते लपवत नाही. कर्ज काढून दिवस घालणारी, गावजेवणं घालणारी घरं मी आपल्याकडेही पाहिली आहेत.

त्या रात्रीचं माबादोंग हे माझ्यासाठी सगळ्यांत मोठं. अंगणात माणसं गोल करून उभी राहतात, बायका-पुरुष, करंगळीत करंगळी, आणि संथ पावलं टाकत गातात. वाद्य नाही. गाण्यात गेलेल्या माणसाचं आयुष्य जन्मापासून सांगतात. पाक कानाशी अर्थ सांगत होते. आमच्या गावाकडे बायका मयताला जमल्या की रडता रडता गेलेलीचे गुण गातात, "माझ्या माउलीनं गं..." अशी सुरुवात करून. शहरात ते थांबलं, लोकांना लाज वाटते. त्या गोलात एका आजींनी माझा हात धरून मला आत ओढलं. शब्द येत नव्हते, पावलं जमली. दोन तास चालले. आईचं आयुष्य मनात पहिल्यापासून सांगत गेले: कागलचं माहेर, सातवीत सुटलेली शाळा, शिवणयंत्र, आम्ही दोघं. पाच वर्षांत मी ते सलग एकदाही आठवलं नव्हतं.

बुधवारी रेडे कापले. ज्यांना विचारायचं आहे त्यांच्यासाठी सरळ लिहिते. बारा होते. पुढचा पाय खुंटाला बांधतात, लगाम वर ओढतात आणि गळ्यावर पात्याचा एकच वार. जनावर मिनिटभर झगडतं, काही जास्त. मी दोन पाहिले आणि मांडवामागे गेले. मी मांसाहार करते, पण हे वेगळं आहे, आणि कुणी नाक मुरडू नये तसं कुणी जबरदस्तीने बघूही नये. घरच्या सुनेने मला पाणी दिलं आणि बटाटे सोलायला बसवलं. तेच बरं झालं. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर या दिवशी नेऊ नका. कापलेल्यातलं काहीही वाया जात नाही. मांसाचे वाटे मचाणावरून नावं पुकारून वाटतात: शेजारी, पाद्री, गावकरी, जनावरं आणणारी कुळं. कोणता वाटा कुणाचा हे मानाप्रमाणे ठरलेलं असतं आणि त्यावर भांडणंही होतात. शाकाहारी लोकांनी 'सायूर' म्हणजे भाजी, 'ताहू' आणि 'तेंपे' हे सोयाबीनचे पदार्थ, हे तीन शब्द पाठ करावेत. विस्मावर भात-भाजी-अंडं मिळतं, कार्याच्या ठिकाणी मात्र डबा बरोबर ठेवा.

त्या दिवशी आणखी एक पाहिलं. काही परदेशी पर्यटक अर्ध्या चड्डीत आले, ड्रोन उडवला आणि लाक्किआनखाली बसलेल्या मुलीच्या तोंडाशी कॅमेरा नेला. कुणी त्यांना हाकललं नाही, कॉफीच दिली. तोराजात जास्त पाहुणे आले तर तो गेलेल्याचा मान समजतात, म्हणून आपल्याला आत घेतात. पण बघ्यासारखं उभं राहायचं की पाहुण्यासारखं बसायचं, हे आपल्या हातात आहे. मी तर फोन पहिल्या दिवसानंतर पिशवीतच ठेवला.

गुरुवार, १८ जुलै. सकाळी पाऊस. रांतेपाओ उंचावर आहे, जुलैतही पाऊस येतो, छत्रीपेक्षा रेनकोट बरा. प्रार्थना झाली आणि पेटी कुळाच्या 'पाताने'मध्ये, म्हणजे सिमेंटच्या घरासारख्या कबरीत नेली. लोखंडी दार, आत आधीची माणसं. चार दिवस हसणारा, पाहुण्यांना कॉफी देणारा तो थोरला मुलगा दार बंद होताना खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. वीस महिने थांबूनही. कुणी त्याला उठवलं नाही, कुणी "पुरे आता" म्हटलं नाही. बहीण शेजारी बसून राहिली, पाऊस पडत राहिला.

१९ ला रात्रीची बस, २० ला मकासार, २१ ला जकार्तामार्गे मुंबई. एकूण खर्च लाखाच्या आसपास आला: विमानं ४५,०००, गाइड पाच दिवसांचे साडेपंधरा हजार, विस्मा रात्रीला दीड हजार, बाकी गाडी, बस, जेवण, व्हिसा, भेटवस्तू. दोघं-तिघं मिळून गेलात तर गाइड आणि गाडी वाटली जाते. रांतेपाओत एटीएम आहेत, पण एका वेळी थोडेच पैसे येतात आणि गावांत कार्ड चालत नाही, तेव्हा रोख मकासारहूनच काढून न्या. परतीच्या तिकिटाआधी हातात एक-दोन मोकळे दिवस ठेवा. कार्य एक दिवस लांबतंच.

निघण्याच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला त्या घरी गेले. मांडव उतरवत होते, नंबरच्या पाट्या अंगणात ढीग करून ठेवलेल्या. मुलगा पायरीवर ती आहेराची वही घेऊन बसला होता, बहिणीबरोबर हिशेब चालला होता. त्याने पान उलटून मला दाखवलं. डुकरं-रेड्यांच्या ओळींखाली लिहिलं होतं: इंडिया, साखर १० किलो, कॉफी २ किलो. पुढचा रकाना मोकळा होता. पाकनी सांगितलं, तिथे पत्ता लागतो, तुमच्याकडे कार्य निघालं तर त्यांना साखर आणावी लागेल.

मी आधी पुण्याचा लिहायला लागले होते. मग खोडलं आणि कोल्हापूरचा, आईच्या घरचा, पत्ता लिहून दिला.